भुरीचा उपास

औशाच्या नीलम्माला माणसांबद्दल चांगलं बोलता येत नसे. त्यात तिची चूक फारशी नव्हती. भेटली ती माणसंच तशी. पहिला नंबर नवऱ्याचा. अण्णारावांच्या कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, गावभर धार्मिक म्हणून नाव, आणि लग्नाच्या पंगतीत जिलेबीपाशी सगळ्यांच्या आधी हजर. साखरेचा आजार जुना. रोज पोटात सुई टोचून घ्यायचे, पण जिभेला लगाम नाही.

मांजर घरात आली ती नातीच्या हौसेनं. शिवानीनं तिला रस्त्यावरून उचलून आणलं, पेढे चारले, दूधभात चारला, आणि नोकरी लागताच पुणं गाठलं. जाताना रडली मात्र खूप. रडायला काय जातं? मागे राहिली पोत्यासारखी फुगलेली भुरी. पुढे ती एकाएकी वाळायला लागली, आणि दिसेल त्या भांड्यात तोंड घालून पाणी पीत सुटली. लातूरच्या जनावरांच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, हिला साखर झालीय.

"घरात एक होता, आता दोन झाले," नीलम्मा नवऱ्याकडे बघून म्हणाली. "ही तरी चोरून खात न्हाई."

डॉक्टरनं बजावलं होतं: सुई सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी. पण आधी खायला घालायचं, ती खातेय हे डोळ्यांनी बघायचं, मगच टोचायचं. खाल्लं नाही तर सुई न देता फोन करायचा. दूध, भात, गोड सगळं बंद. पाकिटातलं कोंबडीचं खाद्य सुरू. ज्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, तिथं कोंबडी आली. नीलम्मानं पाकिटं मागच्या न्हाणीत डब्यात ठेवली, वाटी वेगळी केली. गल्लीतल्या बाया कुजबुजल्या. ज्यांची पोरं लातूर रोडच्या ढाब्यावर तंगड्या चघळतात, त्यांनी आपल्याला धर्म शिकवू नये, असं नीलम्माचं म्हणणं होतं, आणि ते तिनं त्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं.

खायला घालणं नीलम्माचं, सुई अण्णारावांची. स्वतःला टोचून टोचून त्यांचा हात बसलेला. तेवढ्या एका गोष्टीत माणूस कामाचा होता.

श्रावणात उदगीरला नीलम्माच्या बहिणीचं, साखराबाईचं, डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नीलम्माला एक रात्र जावं लागलं. "पाकीट फोडा, वाटीत घाला, तिनं खाल्लं की मग सुई," तिनं उंबऱ्यात उभं राहून परत परत सांगितलं.

"हाव, हाव. टोचायचं मला नको शिकवू," अण्णाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परतली. भुरी खाटेखाली पडलेली. हाक मारल्यावर उठायला गेली तर मागचे पाय लुळे पडले, मान कलंडली.

"हिनं काय खाल्लं?"

"काय न्हाई. सोमवार हाय."

"आन् सुई?"

"सुई टायमावर दिली," अण्णाराव अभिमानानं म्हणाले. "श्रावण सोमवारी घरात कोंबडी फोडू काय मी? दूध द्यावं तर डॉक्टरनं बंद केलेलं. म्हनलं, एक दिवस उपास घडला तर तिलाबी पुण्य लागल."

त्यांच्यासमोर उपासाचं ताट होतं. साबुदाण्याची खिचडी निम्मी उरली होती, बाजूला केळ्यांच्या साली.

नीलम्मानं डॉक्टरला फोन लावला. त्यानं सांगितलं तसं साखरेचं पाणी बोटानं भुरीच्या हिरड्यांना चोळलं आणि रिक्षा करून लातूर गाठलं. ती घाबरली होती, चांगलीच. एरवी जिला फुकटखाऊ, आळशी, आयतोबा म्हणायची, तिलाच मांडीवर घेऊन वाटभर पुटपुटत होती, "मरू नकोस गं, फुकटखाऊ. ह्या माणसाच्या हातनं तर अजाबात मरू नकोस."

सलाईन लागलं. संध्याकाळी भुरीनं मान उचलली. आणखी उशीर झाला असता तर गेलीच होती, असं डॉक्टर म्हणाला.

"शिवानं वाचवलं," अण्णाराव घरी म्हणाले.

"उपाशीबी त्यानंच ठेवलं होतं का?" नीलम्मा म्हणाली, आणि पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पुढचा सोमवार आला. अण्णारावांनी पूजा आटोपली, स्वतःची सुई घेतली आणि पाटावर येऊन बसले. खिचडी ओट्यावर झाकलेली होती, शेंगदाण्याच्या कुटाचा वास सुटला होता. नीलम्मा जागची हलली नाही.

"वाढ की."

"आज खरा उपास करा. भुरीनं केला तसा."

"अगं, सुई घेतलीय मी! आता पोटात काय गेलं न्हाई तर चक्कर येऊन पडंन. मरंन मी."

बोलता बोलता त्यांची नजर भुरीकडे गेली.

"म्हंजे ठावं हाय तुमाला," नीलम्मा म्हणाली.

ती उठली, न्हाणीतून पाकीट आणलं, त्यांच्यासमोरच फोडलं आणि वाटी भुरीपुढं ठेवली. श्रावण सोमवारी, भर स्वयंपाकघरात.

"हिनं तोंड घातलं की तुमचं ताट."

भुरीनं वाटी हुंगली. मग खाली बसून सावकाश पंजा चाटायला लागली. अण्णारावांनी एकदा झाकलेल्या खिचडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग पाटावरून पुढं वाकून त्यांनी मांजरीला हात जोडले.

"खा माय," ते म्हणाले, "खा लवकर."