दहा रविवारांचा सामना

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि नव्या कार्यालयात नोकरी मिळाली म्हणून आम्ही नवराबायको नागपूरहून इथे आलो होतो. समता कॉलनीत भाड्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकीत आम्ही, दुसरीत माझा संगणक. त्यावर मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहीत होतो, सहा वर्षांपासून. बायको लग्नकार्यांना एकटी जायची, माझ्या वतीने माफी मागायची आणि मी खुर्चीला चिकटलेला. आपला तो बाळ्या!

एकदा ती म्हणाली, "याच्यात दम हाय का नाही, एकदाचं पाहून घ्या. नसन तर बंद करा. मले आता होत नाही."

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. ती थकली होती. म्हणून मी शब्द दिला. पंडरीच्या बाजारातून विकतच्या नामांकित प्रोग्रामची सीडी आणायची, दहा रविवारी दहा डाव लावायचे. माझ्या प्रोग्रामने एक जरी जिंकला, तर काम चालू. नाहीतर सगळं पुसून टाकायचं.

नियम मीच केले. दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर, वेळ सारखा, पांढरी-काळी आळीपाळीने. एकाची चाल मी हाताने दुसऱ्यात भरायचो. माझा हरला की संध्याकाळी बायको कॅलेंडरवर फुली मारायची.

नऊ फुल्या झाल्या. नवव्या रविवारी तर पंचविसाव्या चालीतच वजीर गेला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. चाळिशीचा माणूस, एका प्रोग्रामपायी! पण सहा वर्षं वाया गेली हे मला कोणालाच सांगता येत नव्हतं, स्वतःलाही नाही.

दहावा डाव माझा प्रोग्राम जिंकला.

मी ओरडलो. घोडा कोणता, उंट कोणता हे माहीत नसलेली माझी बायको कढई घेऊन शिरा करायला बसली. "आता करा," म्हणाली, "कितीबी वर्षं करा."

शिरा होईपर्यंत तो डाव पुन्हा चालवून पाहावा म्हणून मी बसलो, आणि तेव्हा दिसलं. पाळी विकतच्या प्रोग्रामची होती, तरी माझ्याच्या खिडकीत आकडे पळत होते. समोरच्याच्या पाळीतही विचार करत राहायची सोय मी दिवाळीत घातली होती आणि बंद करायची विसरलो होतो. एकाच संगणकाची अर्धी ताकद माझा प्रोग्राम खात होता. विकतचा अर्ध्या दमानं खेळत होता.

लपवता आलं असतं. तिला कळलं नसतं. पण मी स्वयंपाकघरात गेलो आणि सांगून टाकलं.

"म्हणजे त्याले अर्ध्या ताकदीनं खेळवलं तुमी?"

"हो. चुकून. जिंकणं खरं नाही."

ती कढई ढवळत राहिली. मग तिने विचारलं, "फक्त आजच?"

"नाही. दिवाळीपासून."

तिने कॅलेंडरकडे पाहिलं. दहाही रविवार दिवाळीनंतरचे होते.

"मंग अर्ध्या ताकदीच्या समोर नऊ वेळा काहून हरला?"

मी एक विजय परत करायला आलो होतो. त्या नऊ डावांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

तिने ताटली भरून पुढे केली. "खाऊन घ्या आधी," ती म्हणाली. "मंग पुसा."

तिने 'राहू द्या, नका पुसू' म्हणावं म्हणून मी तो शिरा फार सावकाश खाल्ला. ती म्हणाली नाही.