न्गाडीची चाल

राफिया ताडाच्या धाग्यांनी विणलेल्या कापडावर ओडीलचा हात असा बसलेला, की मुशेंगे गावातल्या बायका तिच्यासमोर आपलं भरतकाम उलगडायला लाजत. न्गाडीचं नेसणं बारा वर्षं तीच भरत होती. न्गाडी म्हणजे बाईचा मुखवटा. गालांवर अश्रूंच्या रेघा, कपाळावर कवड्या. मोठ्या माणसाच्या मयताला तो घालून पुरुषच नाचतो, पण कोण ते बायकांनी ओळखायचं नसतं. मयताच्या दिवशी आपला नवरा क्वेत रानात जनावरांसाठी फास लावायला जातो, असंच ओडील सगळ्यांना सांगे.

गेल्या मयताला न्गाडी अंगणात आली आणि ओडीलची टाळी थांबली. टाच आधी टेकायची, कंबर जरा उशिरा वळायची. ही तर शेजारच्या रोजिनची चाल! रोजिन रोज तशीच पाण्याला जाई, आणि नेमका तेव्हाच क्वेत दारात चाकूला धार लावत बसे.

पुढच्या मयताची वर्दी आली तसा क्वेत म्हणाला, "अगं, नेसणं झालं का? मागताहेत."

"कोण मागतंय?"

"मला काय ठाऊक? निरोप आला."

"मग निरोप द्या, जिची चाल चालता तिच्याकडूनच भरून घ्या."

क्वेतने घसा खाकरला. "रानात एकजण म्हणत होता, न्गाडी घरच्या बाईची चाल चालली, तर आत कोण ते सगळ्या गावाला कळेल."

ओडीलची सुई थांबली. बरं वाटलं. मग तिच्या मनात आलं, चाल उचलायची तर आधी ती बघावी लागते. रोजिनची किती दिवस बघितली असेल?

"त्या एकजणाला सांगा, मडकी विकणारी म्हातारीही चालतेच की. तिची बघावी."

"ती लंगडते!"

"मग न्गाडीही लंगडेल. नाहीतर साध्या कापडात नाचेल."

मयताच्या दिवशी न्गाडी ओडीलने भरलेलं नेसणं नेसून लंगडत आली. म्हाताऱ्यांना ती चाल इतकी आवडली, की दोघीतिघी रडायलाच लागल्या. रोजिनही निवांत बघत होती. ओडीलने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात न्गाडीने मागे वळून पाहिलं. खांदा आधी, मग मान, मग नजर खाली. पाण्याचा घडा सावरताना रोजिन वळते, अगदी तशी.

शेजारणीने कोपरखळी मारली, "काय गं, टाळ्या थांबवल्यास?"

"कुठे? वाजवतेय की," ओडील म्हणाली, आणि सगळ्यांपेक्षा जोरात वाजवू लागली.