खांद्यावरचं लुगडं

माझा सगळा जन्म घोड्यांत गेला. ऑटो आले नव्हते, तेव्हा भंडाऱ्याच्या स्टँडवरून वरठीच्या स्टेशनपर्यंत मी टांगा हाकत असे. पांढरी घोडी घेतली, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी रिवाज असा, की नव्या जनावराला पहिला घास घरच्या लक्ष्मीनं भरवायचा. बायकोनं भरवला. मग रोज सकाळी तिच्या हातची गूळ-भाकर खाल्ल्याशिवाय घोडी टांग्याला जुंपूनच घेईना.

पुढे बायको बाळंतपणाला एकोडीला, माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी मी भाकर पुढे केली, तर घोडीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. चणे दिले, तेही नकोत. मी ओरडलो, शिव्या दिल्या. ती आपली दाराकडे बघत उभी. शेवटी वैतागून बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर टाकलं. घोडीनं पदरात नाक खुपसलं आणि सावकाश खाऊ लागली. बायको परत येईपर्यंत रोज सकाळी अंगणात माझा हाच अवतार. शेजारी हसायचे. हसू द्या! घोड्यापुढे लाजणाऱ्यानं सायकलरिक्षा चालवावी.

लेकीला घेऊन ती परत आली, तेव्हा लुगडं लगामाशेजारी खुंटीला टांगलेलं होतं.

"हे इथं काहून?" तिनं विचारलं.

"तुह्याबिगर घोडी खाऊनच नव्हती राहिली," मी म्हणालो.

तिनं लुगडं हुंगलं, नीट घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् तुमी?"