मंगल नावाची लेक

आषाढात सकाळीच भावाचा फोन आला. “ताई, अण्णा गेले,” एवढंच बोलला. मी फोन ठेवला, तेव्हा सासूबाई विचारत होत्या, “काय झालं सुवर्णा?” हे नाव मला लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात लिहून दिलं. पुढं आईच्याही तोंडी तेच बसलं. अण्णा मात्र शेवटपर्यंत मला मंगलच म्हणाले. माझ्या मुलांना ते आजोबांचं लाडाचं नाव वाटायचं.

अण्णा सूतगिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडली, कामगार पांगले, कित्येकांचा पीएफ आणि पेन्शन तशीच पडून राहिली. अण्णांनी त्यांना शोधायचा नाद घेतला. पुरुष सापडायचे. नळदुर्गच्या ढाब्यांवर, आठवडी बाजारात चौकशी केली की कुणीतरी ठावठिकाणा सांगायचं. लग्नाआधी गिरणीत लागलेल्या पोरी मात्र सापडायच्या नाहीत, कारण सासरी त्यांचं नाव-आडनाव दोन्ही बदललेलं.

कमल त्यातलीच. माहेरची माणसं पुण्याकडं कामाला, घराला कुलूप. नळदुर्गच्या पुढं एका गावात दिलीय, एवढंच कुणीतरी सांगितलं. अण्णा त्या गावात दारोदार फिरले. एका घरी एक तरणा मुलगा होता. कमल नावाचं आमच्यात कुणी नाही म्हणाला, चहा पाजला. त्याची आई तेव्हा शेतात होती.

वर्षभरानं तोच मुलगा पत्ता विचारत तामलवाडीला माझ्या माहेरी आला. मी तेव्हा तिथंच होते. डोकं भादरलेलं. आईच्या तेराव्याला आलेला मामा ‘कमल, कमल’ करत रडला, तेव्हा त्याला तिचं जुनं नाव कळलं होतं. तिचं डायलिसिस पैशापायी मध्येच थांबवावं लागलं होतं. ओट्यावर बसून तो म्हणाला, “अण्णा, ती माजीच माय व्हती... म्याच तुमाला न्हाय म्हणून लावून दिलं.”

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला मात्र त्या मुलाचा संताप आला होता, खोटं कशाला सांगू...

मग अण्णांनी सासरी शोधायचं सोडलं. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, कुलूपबंद घरंही उघडतात. त्या दिवशी ते त्यांच्या माहेरच्या गावी जाऊन वारुळापासून लांब उभे राहायचे. मी माहेरी यावं आणि बापच घरी नसावा! मी फणफणायची. आई म्हणायची, “जगाच्या लेकीस्नी भेटाय गेलेत. तू जेव.” काही भेटल्या. काहींच्या आयाच सांगायच्या, ती तर कवाच वारली. अंधार पडता पडता अण्णा दमून परतायचे, दारातल्या खुर्चीत टेकायचे आणि विचारायचे, “मंगल, आलीस व्हय गं?”

यंदा महिनाभरातच पंचमी आली. आमच्याकडं सण नव्हता, तरी मी थोरल्याला घेऊन माहेरी गेले. संध्याकाळ झाली. खुर्ची दारातच होती. आई आतून सुवर्णा म्हणून हाका मारत होती आणि मला ओ द्यावीशी वाटेना. मी मुलाला जवळ बसवलं.

“मंगल हे लाडाचं नाव नाही,” मी त्याला म्हटलं. “ते माझं नाव आहे. उद्या कुणी मंगल म्हणून विचारत आलं, तर न्हाय म्हणू नको.”