वर न केलेला हात

"वहिनी, शिपाई न्हाई आज. चहाचं तेवढं बघा की," उपसरपंच म्हणाले.

ग्रामपंचायतीची सभा चालू होती. मी आमच्या वस्तीची निवडून आलेली मेंबर. अजून दोघी निवडून आल्यात, पण त्यांच्या खुर्चीत त्यांचे नवरे बसतात. माझे मालक वारले, म्हणून मलाच यावं लागतं.

मी उठले. मागच्या खोलीत गॅसवर आधण ठेवलं.

"मेंबरबाई, आलं लई टाका," सभेतून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले, भिंतीकडं बघून.

त्या दिवशी आमच्या पाइपलाइनचा विषय होता. वस्तीतल्या बाया गावातल्या टाकीवरून डोक्यावर पाणी आणतात. मत देऊन आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता आपलं बोलनारं मानूस आत बसंल." काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आले होते.

चहा घेऊन आले, तोवर विषय संपला होता. पाइपलाइन उपसरपंचांच्या मळ्याकडं जाणार होती.

"आमच्या वस्तीचं?" मी विचारलं.

"एकमतानं झालं, वहिनी. तुमचा बी हात वर धरलाय आमी."

"मी तर तिकडं हुते."

"मग काय झालं? तुमी काय परक्या हाय का? साखर कमी पडली बघा."

मी साखर आणून दिली.

चहा हातावर सांडला होता. भाजल्याचं घरी गेल्यावर कळलं. "काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, "चहा केला."

रडू आलं नाही. रागही नाही. भाकरी थापत होते, कांदे काढायला जात होते. मधेच हाताकडं बघायचे. हा त्यांनी वर केला होता. मला न विचारता.

पुढच्या सभेतही शिपाई नव्हता.

"वहिनी, चहा."

मी बसून राहिले.

"ऐकू आलं का?"

"आलं. मी न्हाई उठनार. मागच्या टायमाला मी हात वर केला न्हवता. तसं लिहा."

पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच बोलता आलं. ग्रामसेवकांनी उपसरपंचांकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "बाई लई शिकली," त्या दोघींपैकी एकीचा नवरा म्हणाला. त्या दिवशी चहा झाला नाही.

पाइपलाइन मळ्याकडंच गेली. हंडा घेऊन मी रोज तिच्यावरून चालते. पुढच्या सभेला जाईन. त्यांनी लिहीपर्यंत तेच सांगेन. विषय संपेपर्यंत खुर्ची सोडणार नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.