वीस सेकंदांची बायको

कात्रीकाकांना जाहिरातींचा राग होता, आणि तो साधासुधा नव्हता. तळपायाची आग मस्तकात जायची. नायिका दार उघडणार, बाहेर कोण उभं आहे ते आता कळणार, आणि तेवढ्यात कुणीतरी दात दाखवत पडद्यावर हजर! "मेल्यांनो, तुमच्या दातांचं मी काय करू?" असं काका टीव्हीला विचारायचे. टीव्ही कसला उत्तर देतोय!

छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. पुस्तकाच्या कडा सारख्या करायच्या, जास्तीचं ते उडवायचं, पण अक्षराला धक्का लागू द्यायचा नाही. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की करणार काय? त्यांनी एक जुना संगणक घेतला, त्यात टीव्हीची वायर जोडायचं कार्ड बसवून घेतलं, आणि मालिका रेकॉर्ड करून त्यातल्या जाहिराती कापायला लागले. सुरुवातीला हातानेच. जाहिरात सुरू होते ती जागा पकडायची, संपते ती पकडायची, मधलं उडवायचं. किचकट काम, पण काका जाम खूश. साठीनंतर पुन्हा कडा सरळ करायला मिळत होत्या.

बघता बघता इमारतीतली सहा घरं त्यांची गिऱ्हाइकं झाली. गिऱ्हाइकं म्हणजे फुकट हं! संध्याकाळी रिकामा पेनड्राइव्ह आणून द्यायचा, सकाळी भरलेला न्यायचा. थेट टीव्ही आता तिथे कुणी बघतच नव्हतं. "यंत्रावर विश्वास नाही आपला," काका जिन्यात उभे राहून सांगायचे. "एकूणएक जाहिरात या डोळ्यांनी बघतो, मगच कापतो."

ही मात्र शुद्ध थाप होती. वर्षभरापूर्वीच त्यांनी एक प्रोग्रॅम बसवला होता. जाहिरात लागली की कोपऱ्यातलं चॅनलचं चिन्ह जातं, आवाज चढतो. तेवढ्यावरून तो जाहिरात ओळखायचा आणि आपणहून उडवायचा. काका तोवर आडवे होऊन घोरायचे. याचा कुणालाच पत्ता नव्हता. बायकोलाही नव्हता, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

एका बुधवारी बायकोच्या भाचीचा फोन आला. ही भाची एका स्टुडिओत कलाकारांचे कपडे बघायची.

"काका, मावशी कशी वाटली?"

"कशी म्हणजे? बरी आहे की. स्वयंपाकघरात आहे, देऊ का?"

"अहो, जाहिरातीतली मावशी! गुडघ्याच्या मलमाची! ठरलेल्या बाई आल्या नाहीत, म्हणून मी मावशीला बोलावून घेतलं होतं. दोन महिने झाले की लागायला. आता कधीमधीच लागते म्हणा. रविवारनंतर तर बंदच होणार."

काका मटकन खाली बसले. मागे खुर्ची होती म्हणून बरं. मागे एकदा बायको डोळे तपासायला म्हणून गेली होती आणि दिवेलागणीला परतली होती, ते त्यांना आत्ता आठवलं. कुठला डोळ्यांचा डॉक्टर आठ तास डोळे तपासतो?

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बायको भांडी पुसत होती.

"तू जाहिरातीत काम केलंस?"

"आज सुचलं का विचारायला?" ती मान वर न करता म्हणाली. "दोन महिने वाट बघतेय. आज बोलतील, उद्या बोलतील. नसेल आवडलं तर तसं सांगायचं. एकूणएक जाहिरात डोळ्यांनी बघता ना? मग मलाही बघितलंत आणि कापलंत! एका शब्दाने विचारलं नाहीत. शेजाऱ्याचा पेनड्राइव्ह सापडला नाही तर घर डोक्यावर घेता तुम्ही."

काका पेचात पडले. खरं सांगावं तर जिन्यातली अब्रू जाणार, न सांगावं तर बायको कायमची दुखावणार.

"मी बघत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "वर्ष झालं. प्रोग्रॅमच कापतो सगळं. मी झोपा काढतो."

बायकोने फडकं खाली ठेवलं. चिडावं की हसावं, तिला कळेना. "म्हणजे मला बघितलंच नाहीत?"

"नाही. तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या." तिचा आवाज जरा निवळला होता. "मग आता बघा."

"भाचीला सांगतो, ती पाठवेल."

"खबरदार! सहा घरांसाठी रोज राबता, माझ्यासाठी चार दिवस राबा. स्वतः शोधून काढा."

झालं! काकांनी शेजाऱ्यांना सोमवारपर्यंत दुकान बंद असल्याचं कळवलं आणि प्रोग्रॅमला उलटी शिकवण दिली. मालिका उडव, जाहिराती ठेव. गुरुवारी दात, साबण आणि भिंतींचे रंग. शुक्रवारी दात, पंखे आणि पुन्हा साबण. अंघोळ करताना काका साबणाचं गाणं गुणगुणायला लागले तेव्हा बायको बाहेरून म्हणाली, "काय हो, बाटलात वाटतं?" पण मलम काही येईना. शनिवारी भर दुपारी कार्ड तापून बंद पडलं आणि दोन तास पाण्यात गेले. काकांनी कपाळावर हात मारला.

रविवारचं रेकॉर्डिंग पूर्ण झालं, पण ते उघडायचा त्यांना धीर होईना. यात नसेल तर संपलंच की सगळं! सोमवारी सकाळी ते तसेच बसले होते. समोर सहा पेनड्राइव्ह होते. बत्तीस वर्षं हात चालवलेला माणूस, स्वस्थ कसा बसणार? त्यांनी सवयीने सहाही भरले आणि वाटून टाकले.

तासाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई धाडधाड खाली आल्या.

"काका, हे काय भरून दिलंत? मालिकेचा पत्ता नाही, नुसत्या जाहिराती! आणि त्यात चक्क आपल्या काकू..."

"थांबा!" काका उडालेच. "कुठे आहे ते सांगू नका. मी बघतो. आमचं आम्ही बघतो."

त्यांनी बायकोला बोलावून खुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. दात आले, साबण आला.

"पुढे घ्या की," बायको म्हणाली.

"नाही. आज काही पळवायचं नाही."

पाऊण तासाने ती आली. हातात भाजीची पिशवी, समोर उंच जिना. एक मजला, दुसरा, तिसरा. वर पोचल्यावर तिने पिशवी टेकवली, मागे वळून पाहिलं आणि हसली. पडलेल्या दाढेची फट दिसेल असं मनमोकळं हसली. वीस सेकंदांत सगळं संपलं आणि पंखे सुरू झाले.

काकांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. लग्नानंतर एका खोलीत राहत होते तेव्हा ती अशी हसायची. ते कधी थांबलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"असं हसायला कुणी शिकवलं तुला?"

"शिकवतंय कोण! तिथला तो दिग्दर्शक म्हणाला, आजी, वर पोचलात की मागे वळून नवऱ्याकडे बघून हसा. मी म्हटलं, कुठाय नवरा? तर म्हणे, कॅमेरा आहे ना, तिथे उभा आहे असं समजा." ती पडद्याकडेच बघत होती. "तुम्ही मागून दमत येताय असं मी समजले. मग आलं हसू."

काका स्टुलावरून तिच्याकडे वळले. "म्हणजे तू माझ्याकडे बघून... आणि मी ते..."

"रोज चार वेळा कापलंत," बायको म्हणाली. "दिवसातून किती वेळा लागते, ते भाचीला विचारून घेतलं होतं मी."