ताईचा ओव्हरड्यू पगार

आमच्या थोरल्या बहिणीची उभी हयात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवण्यात गेली. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा क्लास; येणारे बहुतेक दुकानदार, मेकॅनिक, नर्सा. देण्याघेण्याचा धडा हा तिचा हातखंडा. 'ओ', म्हणजे देणं लागणं, म्हटलं की आधी माणूस, मग रक्कम. मध्ये 'टू' घुसडायचा नाही. 'ड्यू' असतात ते पैसे, माणूस नव्हे. मराठीत कर्ज डोक्यावर असतं, इंग्रजीत माणूसच कर्जाच्या आत असतो, 'इन डेट'. हे ती इतक्या ठसक्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचा पैसा बुडवायची कुणाची छाती नाही.

क्लासच्या मालकाने तिचा पाच महिन्यांचा पगार थकवला होता.

त्याला सगळे सर म्हणत. तो तिला ताई म्हणे. अरे, ताई ती माझी, तुझी नोकर. पण ताई म्हटलं की बाईची जीभ उचलत नाही, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. इकडे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, डॉक्टर लांबवू नका म्हणत होते, आणि ऑपरेशनला पैसे नव्हते. माझाही हात तेव्हा रिकामाच.

माझ्या भुणभुणीला कंटाळून शेवटी ती केबिनमध्ये गेली. मराठीत मागायची लाज, म्हणून इंग्रजीत म्हणाली, "सर, माय सॅलरी इज ओव्हरड्यू."

सर खुर्चीत रेलून हसले. "वा, ताई, काय उच्चार आहे. हे वाक्य बॅचला शिकवाच. आणि तुमचे पैसे काय पळून चाललेत?"

तिने शिकवलं. चांगलं घोटून घेतलं.

त्याच बॅचमध्ये फ्रिज दुरुस्त करणारा एक जण होता. सरांनी त्याचे निम्मे तास रद्द केले होते. केबिनबाहेरच्या बाकावर नव्या प्रवेशासाठी आलेली माणसं बसलेली पाहून तो केबिनच्या दारात उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "सर, यू ओ मी हाफ माय फी. इट इज ओव्हरड्यू."

सरांनी मुकाट्याने ड्रॉवर उघडला.

ताई हरखून घरी आली. "एक चूक नाही रे त्याची," म्हणाली.

एक तारखेला तिलाही पाकीट मिळालं. एका महिन्याचा पगार, त्यातून फ्रिजवाल्याचे पैसे वजा. "तुमचाच विद्यार्थी, ताई," सर म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

माझं डोकंच फिरलं. "तोंडावर फेकायचं होतंस ते पाकीट. सोड ती नोकरी."

"सोडली तर मागचं सगळं बुडेल. आणि या डोळ्यांनी दुसरीकडे मला कोण घेईल?"

ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आता फळ्यावर तिच्या ओळी एकमेकींवर चढतात आणि मागच्या बाकांवरचे तोंड दाबून हसतात. देण्याघेण्याच्या धड्याला मात्र तिला फळा लागत नाही.